इंटरप्टची लाइन: व्हर्च्युअल मशीनवरील कामाच्या प्रकल्प नोंदी, जुलै–ऑगस्ट २०२५

७ जुलै २०२५, सोमवार

भोसरी एमआयडीसीतील एका कारखान्यात पत्र्याची पट्टी लांबी मोजून कापणारे एक यंत्र जुन्या संगणकावर चालते. त्या संगणकात लिनक्स २.६ मालिकेतील ३२ बिटांचे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आहे, एन्कोडरचे, म्हणजे पट्टीची सरक मोजणाऱ्या संवेदकाचे, स्पंद मोजणारी दोन पीसीआय कार्डे आहेत आणि यंत्राच्या नियंत्रकाशी बोलण्यासाठी एक सीरियल पोर्ट आहे. ही कार्डे आता बाजारात मिळत नाहीत, ती चालवणाऱ्या ड्रायव्हर प्रोग्रामचा मूळ स्रोत कारखान्याकडे उरलेला नाही आणि मदरबोर्ड आणखी किती काळ साथ देईल याचा भरवसा कोणीच देऊ शकत नाही. म्हणून तो सबंध संगणक व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात, हलवण्याचे काम कोथरूडच्या आमच्या छोट्या गटाने हाती घेतले आहे.

मशीन चालवणारा ‘मॉनिटर’ हा प्रोग्राम आम्ही सी भाषेत, केव्हीएम या लिनक्समधील व्हर्च्युअल मशीनच्या सोयीच्या आधाराने लिहिला आहे. केव्हीएम फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्स २.६.२० बरोबर मुख्य कर्नलमध्ये आले. प्रोसेसर, मेमरी आणि इंटरप्ट (उपकरणाने प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी दिलेला इशारा) हाताळणारा कंट्रोलर यांचा अवघड भाग ते सांभाळते आणि आमच्याकडे उरतात ती उपकरणे. एन्कोडरचे स्पंद आता इथरनेटवरच्या एका नव्या मॉड्यूलमधून येतात, मॉनिटरमधला एक थ्रेड (समांतर चालणारा कामाचा धागा) ते वाचतो आणि जुन्या कार्डाच्या रजिस्टरांत, म्हणजे त्याच्या छोट्या नोंद-कप्प्यांत, जसेच्या तसे मांडतो, जेणेकरून गेस्टमधल्या (व्हर्च्युअल मशीनमध्ये चालणाऱ्या जुन्या सिस्टिममधल्या) ड्रायव्हरला काही बदलल्याचा मागमूसही लागू नये.

मशीन सुरू होते, पट्टी कापली जाते, मोजणीही बरोबर येते. मात्र चाचणीत तीन तक्रारी पुन्हा पुन्हा दिसल्या आहेत. पहिली, केव्हा तरी कार्डांची मोजणी साफ बंद पडते आणि गेस्टच्या कर्नल लॉगमध्ये ‘आयआरक्यू १९: नोबडी केअर्ड’ (१९ क्रमांकाच्या इंटरप्टची दखल कोणी घेतली नाही) असा संदेश सापडतो. दुसरी, दुसऱ्या कार्डाची मोजणी मधूनच अडते आणि मग एकदम गठ्ठ्याने येते. तिसरी, सीरियल पोर्टवरून जाणारा संदेश अर्ध्यात थांबतो आणि नियंत्रकाकडून एखादे अक्षर आले की पुढे सरकतो. तिन्हींचे मूळ इंटरप्टच्या हाताळणीत आहे असे दिसते, म्हणून या नोंदी त्याच एका विषयाला वाहिलेल्या राहतील.

९ जुलै, बुधवार

शोध सुरू करण्यापूर्वी एका इंटरप्टचा पूर्ण प्रवास कागदावर मांडून घेतला, कारण गटातल्या प्रत्येकाला त्यातला आपापला तुकडा ठाऊक आहे आणि दोष बहुधा तुकड्यांच्या सांध्यांवर असतो.

कार्ड आपली ए पिन उचलते, म्हणजे सक्रिय करते. ती पिन कोणत्या लाइनवर जाईल हे स्लॉटवरून ठरते: पिनचा क्रमांक (ए साठी ०) अधिक स्लॉटचा क्रमांक, भागिले चार, आणि जी बाकी उरेल ती. आमची कार्डे मूळ संगणकाप्रमाणेच ३ आणि ७ या स्लॉटमध्ये ठेवली आहेत; दोहोंची बाकी ३ येते, त्यामुळे दोघांची लाइन एकच, म्हणजे आमच्या मांडणीत १९ क्रमांकाची. तिथून आयओएपिक (उपकरणांच्या लाइन गोळा करणारा इंटरप्ट कंट्रोलर) त्या पिनच्या नोंदीत लिहिलेला व्हेक्टर (इंटरप्टचा ओळख-क्रमांक) लोकल एपिककडे, म्हणजे प्रोसेसरजवळच्या कंट्रोलरकडे, पाठवते आणि स्वतःच्या नोंदीत रिमोट आयआरआर हा, सेवा अजून संपलेली नाही असे सांगणारा, बिट उभा करते. प्रोसेसर इंटरप्ट घेण्याच्या स्थितीत आला की गेस्टमध्ये शिरतानाच तो व्हेक्टर त्याला दिला जातो. गेस्टचा हँडलर (इंटरप्टची सेवा करणारे फंक्शन) कार्डाचे स्टेटस रजिस्टर वाचतो, वाचताच कार्ड पिन खाली आणते, आणि शेवटी गेस्ट ईओआय, म्हणजे ‘सेवा संपली’ ही सूचना, लिहितो. ईओआय पोचल्यावर रिमोट आयआरआर उतरतो आणि त्या क्षणी लाइन अजूनही वर असेल तर आयओएपिक तोच इंटरप्ट पुन्हा पाठवते.

हे शेवटचे वाक्य सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. पीसीआयची लाइन लेव्हल-ट्रिगर्ड असते. ती घडलेली घटना कळवत नाही, तर चालू असलेली स्थिती दाखवते. दारावरची घंटा आणि दारात उभा असलेला माणूस यांत जो फरक आहे तोच इथे आहे: घंटा वाजून विरून जाते, माणूस मात्र दार उघडेपर्यंत तिथेच असतो आणि त्याचे काम झाल्याखेरीज हटत नाही. मॉनिटरमधील कोडने मात्र ठिकठिकाणी लाइनला घंटेप्रमाणे वागवले आहे.

एक तपशील सर्वांनी ध्यानात ठेवावा. प्रत्यक्ष पीसीआय बसवर पिन सक्रिय होते तेव्हा विद्युतदाब खाली जातो. केव्हीएमला लाइनची पातळी कळवताना मात्र १ म्हणजे नेहमीच सक्रिय आणि ० म्हणजे निष्क्रिय. मदरबोर्डचे आराखडे पाहून इथे उलटा अर्थ लावू नये.

एमएसआय वापरून हा सगळा प्रश्नच टाळता येणार नाही का, असे बैठकीत विचारले गेले. एमएसआयमध्ये उपकरण पिन न उचलता ठरावीक पत्त्यावर एक शब्द लिहिते, लाइन वाटून घेण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि नवे उपकरण रचायचे असते तर मीही तेच निवडले असते. परंतु या कार्डाला ती सोय नाही आणि त्याच्या ड्रायव्हरला ती कळत नाही. आपल्याला त्याच्याच भाषेत बोलावे लागेल.

१४ जुलै, सोमवार

दुसऱ्या तक्रारीचा उलगडा आधी झाला, कारण ती सर्वांत सरळ आहे. दोन्ही कार्डांचे कोड स्वतंत्रपणे केव्हीएमला १९ क्रमांकाच्या लाइनची पातळी कळवतात. केव्हीएमच्या दृष्टीने मात्र मॉनिटरकडून येणारी १९ ची पातळी एकच असते. ती कोणत्या कार्डाने उचलली आणि कोणी उतरवली याचा हिशेब ते ठेवत नाही. पहिल्या कार्डाचे काम झाले की ते ० कळवते आणि दुसऱ्याने उचलून धरलेली लाइनही त्याबरोबर खाली येते. दुसऱ्या कार्डाचा स्टेटस बिट तसाच १ राहतो, त्यामुळे त्याला नव्याने लाइन उचलण्याचे निमित्तच मिळत नाही. पुढे केव्हा तरी पहिल्याला इंटरप्ट आला की लिनक्स त्या लाइनवरचे दोन्ही हँडलर क्रमाने चालवते आणि तेव्हा दुसऱ्याचा तुंबलेला हिशेब एकदम वसूल होतो. गठ्ठ्याने येणारी मोजणी ती हीच.

प्रत्यक्ष बसवर ही अडचण येत नाही, कारण तिथे एकाने जरी तार खाली ओढून धरली तरी ती खालीच राहते. तो तारेचा गुण मॉनिटरने जाणीवपूर्वक आणला पाहिजे. प्रत्येक लाइनसाठी कोणकोणती उपकरणे तिला उचलून आहेत याचा बिटमॅप (प्रत्येक उपकरणासाठी एक बिट) ठेवायचा आणि बिटमॅप रिकामा–भरलेला या दोन अवस्थांमध्ये बदलला तरच केव्हीएमला कळवायचे, असे ठरले. मोजता आकडा ठेवण्याची सूचना मी मान्य केली नाही: एखाद्या उपकरणाने लागोपाठ दोनदा ‘वर’ म्हटले तर आकडा दोन होतो आणि एकदाच ‘खाली’ म्हटल्यावर लाइन कायमची अडकते. बिटमॅपमध्ये दोनदा म्हटलेले आणि एकदा म्हटलेले सारखेच ठरते.

१७ जुलै, गुरुवार

कारखान्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, म्हणून आज भोसरीला जाऊन नवे मशीन खऱ्या यंत्राला जोडले आणि ट्रेस, म्हणजे घटनांची क्रमवार नोंद, घेतला. पहिली तक्रार कोथरूडमध्ये कधी दिसे, कधी नाही. तिथे यंत्र चालवणाऱ्या काकांनी मात्र पहिल्या दहा मिनिटांतच नेमके निरीक्षण सांगितले: “साहेब, मशीन चालू असलं की काही होत नाही. चहाला थांबलो आणि परत चालू केलं, की मग आकडे यायचे बंद होतात.” याहून मोलाची माहिती लॉगमधून मिळाली नसती.

केव्हीएमचे ट्रेस बिंदू चालू ठेवून यंत्र मुद्दाम थांबवत आणि सुरू करत राहिलो. एका थांबण्याच्या वेळी हवा होता तो क्रम हाती आला. व्हीसीपीयूच्या (गेस्टच्या आभासी प्रोसेसरच्या) थ्रेडकडून १९ ची पातळी ०; लगेच दुसऱ्या थ्रेडकडून १९ ची पातळी १; त्यानंतर स्टेटस रजिस्टरच्या वाचनाची नोंद, वाचलेले मूल्य १. पुढे इंटरप्ट, स्टेटसचे वाचन, मूल्य ०, ईओआय. पुन्हा इंटरप्ट, पुन्हा मूल्य ०, पुन्हा ईओआय. आणि पानेच्या पाने तेच.

ट्रेस वाचताना एक खबरदारी घ्यावी लागते. उपकरणाच्या रजिस्टरचे वाचन मॉनिटरपर्यंत येते तेव्हा ट्रेसमध्ये आधी ‘अपूर्ण वाचन’ अशी नोंद पडते आणि मूल्यासह पूर्ण नोंद पडते ती व्हीसीपीयू पुन्हा आत शिरताना. पातळीचे दोन्ही बदल या दोन नोंदींच्या मध्ये दिसतात. हे माहीत नसेल तर लाइन वाचनाच्या आधीच उतरली असे वाटते आणि शोध भलत्याच वाटेला लागतो.

२१ जुलै, सोमवार

घडते ते असे. स्पंद वाचणारा थ्रेड लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला बदल करू देणारे कुलूप) घेतो, मोजणी वाढवतो, स्टेटस बिट १ करतो आणि लॉक सोडतो. त्यानंतर, लॉकच्या बाहेर, तो लाइन वर नेण्याचा निरोप केव्हीएमला धाडतो. या दोन कृतींमधल्या फटीत गेस्टचा हँडलर, जो आधीच्या स्पंदासाठी चालूच असतो, स्टेटस वाचतो. त्याला १ मिळतो, वाचल्यामुळे बिट ० होतो आणि व्हीसीपीयूचा थ्रेड लाइन खाली आणतो. मग पहिल्या थ्रेडचा उशिराचा निरोप पोचतो आणि लाइन वर जाते. शेवटची अवस्था: स्टेटस ०, लाइन १. उपकरण सांगते की माझे काही काम नाही आणि त्याचीच पिन सांगते की काम आहे.

यानंतर आयओएपिक आपले कर्तव्य चोख बजावते. प्रत्येक ईओआयनंतर लाइन वर दिसते म्हणून ते इंटरप्ट पुन्हा पाठवते, दोन्ही ड्रायव्हर ‘हा माझा नव्हे’ असे उत्तर देतात आणि गेस्टचे कर्नल अशा बेवारस इंटरप्टची मोजदाद ठेवते. १,००,००० इंटरप्टपैकी ९९,९०० हून अधिक बेवारस निघाले की ते लाइनच बंद करते आणि तो संदेश छापते. यंत्र चालू असताना पुढचा स्पंद लगोलग येतो, स्टेटस पुन्हा १ होतो, हँडलर तो वाचतो आणि लाइन योग्य रीतीने उतरते. वादळ उठते तसे काही क्षणांत शमते आणि कोणाला कळतही नाही. शेवटच्या स्पंदावर ही फट उघडली आणि यंत्र चहासाठी थांबले, तर लाइन उतरवणारे कोणीच उरत नाही. काकांचे निरीक्षण शब्दशः खरे होते.

केव्हीएमच्या आयओएपिकमध्ये अशा वादळासाठी एक तरतूद आहे: एकाच पिनवर ईओआयनंतर लगेच पुन्हा इंटरप्ट देण्याची वेळ सलग १०,००० वेळा आली की पुढचा इंटरप्ट सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका लांबवला जातो, म्हणजे बिघडलेल्या गेस्टलाही थोडे पुढे सरकता येते. ट्रेसमध्ये ते विराम स्वच्छ दिसतात. त्यांनी दोष झाकला जात नाही, फक्त होस्टचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या खऱ्या संगणकाचा, श्वास कोंडत नाही. चाचणीत ठरावीक अंतराने असा विराम दिसला तर तो लाइन अडकल्याचा पुरावा मानावा.

२३ जुलै, बुधवार

दुरुस्ती लिहिली. तिचे तत्त्व एका वाक्यात मांडता येते आणि ते सर्व उपकरणांना लागू करावयाचे आहे: उपकरणाच्या कोडमध्ये ‘लाइन वर’ आणि ‘लाइन खाली’ असे हुकूम कुठेही नसावेत, लाइनची पातळी ही केवळ स्टेटस आणि मास्क (इंटरप्ट रोखून धरणारे) या रजिस्टरांवरून काढलेली किंमत असावी, कोणतेही रजिस्टर बदलल्यावर ती नव्याने काढावी आणि रजिस्टर बदलण्यापासून केव्हीएमला कळवण्यापर्यंतचे सगळे एकाच लॉकच्या आत घडावे. असे केले की स्टेटस आणि लाइन यांच्यात तफावत पडायला जागाच उरत नाही, कारण त्या दोन स्वतंत्र गोष्टी राहतच नाहीत.

लॉक धरून केव्हीएमला हाक मारल्याने वेळ वाया जाईल, ही शंका रास्त आहे. पातळी खरोखर बदलली तरच हाक मारायची असल्याने त्या हाकांची संख्या पूर्वीपेक्षा घटली आहे आणि आमच्या स्पंदांच्या वेगाला ते पुरेसे आहे. लॉकचा क्रम मात्र काटेकोर पाळावा: आधी उपकरणाचा, मग लाइनच्या बिटमॅपचा, उलट कधीही नाही.

मास्कची बाब लहान वाटते, पण तीच बहुतेकदा राहून जाते. पीसीआयच्या २.३ आवृत्तीपासून कमांड रजिस्टरचा १० क्रमांकाचा बिट लिहून गेस्ट उपकरणाची पिन बंद करू शकतो. तो बिट उभा राहिला तर लाइन उतरली पाहिजे, आणि तो काढल्यावर स्टेटस अजून १ असेल तर लाइन आपोआप पुन्हा वर गेली पाहिजे. हुकूम देणाऱ्या कोडमध्ये यासाठी वेगळी व्यवस्था लिहावी लागते. पातळी काढणाऱ्या कोडमध्ये सूत्रात एक अट वाढते इतकेच.

याच कामात आणखी एक गोष्ट नजरेस आली. मॉनिटरला उपकरणांची रजिस्टरे छापून दाखवणारी एक निदान-आज्ञा आहे आणि ती गेस्टच्याच वाचन-फंक्शनमधून जाते. ज्या रजिस्टरचे वाचन हीच पोचपावती असते, ते अशा रीतीने नुसते पाहिले तरी गेस्टचा इंटरप्ट पुसला जातो. निदानासाठी वेगळे, कोणताही परिणाम न करणारे फंक्शन लिहिले.

२९ जुलै, मंगळवार

आता सीरियल पोर्ट. तो जुन्या पद्धतीचा, १६५५० जातीचा, ४ क्रमांकाच्या लाइनवर आहे आणि ती लाइन एज-ट्रिगर्ड आहे. इथे कंट्रोलर पातळीकडे लक्ष देत नाही, लाइन खालून वर जाण्याच्या कडेकडे देतो. परंतु म्हणून उपकरणाची बाजू बदलत नाही. चिपची पिन इथेही स्थितीच दाखवते: सेवा हवी असलेले एक जरी कारण शिल्लक असेल तर वर, एकही नसेल तर खाली. म्हणून लिनक्सचा ड्रायव्हर इंटरप्ट ओळख-रजिस्टर ‘काही शिल्लक नाही’ म्हणेपर्यंत फेऱ्या मारतो. तो आधीच थांबला तर लाइन वरच राहील, नवी कड कधीच येणार नाही आणि पोर्ट मुका होईल. ड्रायव्हर आपल्याकडून शिस्त पाळतो. मॉनिटरने ओळख-रजिस्टर आणि लाइन यांना एकमेकांशी तंतोतंत जुळलेले ठेवले, तरच त्या शिस्तीला अर्थ आहे.

तिसऱ्या तक्रारीचे कारण ‘प्रेषण-रजिस्टर रिकामे’ या इंटरप्टच्या नियमांत सापडले. १६५५० मध्ये कारणांना अग्रक्रम असतो: आधी ग्रहणातील त्रुटी, मग आलेले अक्षर, मग प्रेषण-रजिस्टर रिकामे, शेवटी मोडेमची स्थिती. ओळख-रजिस्टर वाचल्यावर ‘प्रेषण रिकामे’ हे कारण पुसले जाते, पण केवळ तेव्हाच, जेव्हा त्या वाचनाने तेच कारण सांगितलेले असते. आमचा कोड प्रत्येक वाचनावर ते पुसत होता. एखादे अक्षर आलेले असताना गेस्टने रजिस्टर वाचले की त्याला उत्तर मिळे ‘अक्षर आले आहे’, आणि प्रेषणाची सूचना गेस्टला न कळताच नाहीशी होई. गेस्ट ‘प्रेषण रिकामे’ची वाट पाहत बसतो आणि संदेश अर्धा राहतो. पुढचे अक्षर आल्यावर ड्रायव्हर त्याच फेरीत लाइन-स्टेटस पाहतो, जागा रिकामी दिसली म्हणून उरलेली अक्षरे भरतो आणि गाडी पुन्हा रुळावर येते.

याला जोडून आणखी एक नियम तपासला. गेस्टने प्रेषणाचा इंटरप्ट चालू केला त्या वेळी रजिस्टर आधीच रिकामे असेल, तर तो इंटरप्ट तत्क्षणी आला पाहिजे. लिनक्सचा ८२५० ड्रायव्हर पोर्ट उघडताना याची परीक्षाच घेतो आणि इंटरप्ट न आल्यास चिप सदोष समजून वेगळा मार्ग धरतो. ही परीक्षा आमच्या पोर्टने उत्तीर्ण केली.

६ ऑगस्ट, बुधवार

प्रोसेसरच्या बाजूचे काम केव्हीएम करते, तरीही चाचणी-मंचासाठी ८२५९ हा जुन्या पद्धतीचा इंटरप्ट कंट्रोलर मॉनिटरमध्येच ठेवणारी एक वेगळी पद्धत आम्ही बांधली आहे, कारण तिच्यात इंटरप्टची प्रत्येक पायरी थांबवून पाहता येते. १९८४ च्या पीसी-एटीपासून असे दोन कंट्रोलर एकाला एक जोडून १५ लाइन मिळवण्याची रीत आहे. नवख्या सहकाऱ्यांना हा विषय शिकवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

इथे मोठा धोका आहे तो घाईने पोचपावती देण्याचा. ८२५९ ला पोच दिली की तो इंटरप्टला ‘प्रलंबित’मधून काढून ‘सेवेत’ टाकतो आणि व्हेक्टर सांगतो. त्यानंतर गेस्ट तो घेण्याच्या स्थितीत नाही असे आढळले, तर तो इंटरप्ट ना प्रलंबित राहिला ना पोचला. शिवाय त्याच्या खालच्या अग्रक्रमाच्या सगळ्या लाइन अडून राहतात. म्हणून आधी गेस्टची तयारी पाहायची आणि मगच पोच द्यायची. तयारी नसेल तर केव्हीएमकडे इंटरप्ट-खिडकीची मागणी नोंदवायची. गेस्टने इंटरप्ट खुले केल्याबरोबर व्हीसीपीयू बाहेर येतो आणि तेव्हा पोच देऊन व्हेक्टर सुपूर्द करता येतो.

तयारी म्हणजे केवळ इंटरप्ट-ध्वज उभा असणे नव्हे. इंटरप्ट खुले करणाऱ्या एसटीआय आज्ञेनंतरची एक आज्ञा पार पडेपर्यंत प्रोसेसर इंटरप्ट घेत नाही, आणि स्टॅकचा सेगमेंट बदलणाऱ्या आज्ञेनंतरही तसेच घडते. हा नियम पाळला नाही तर काय होते ते लिनक्सच्या निवांत-लूपमध्ये स्पष्ट दिसते: तिथे एसटीआयच्या पाठोपाठ एचएलटी, म्हणजे प्रोसेसरला झोपवणारी आज्ञा, असते आणि दोहोंच्या मध्ये इंटरप्ट येणार नाही या हमीवरच ती जोडी उभी आहे. मध्ये इंटरप्ट घुसवला तर त्याची सेवा होऊन जाते आणि मग प्रोसेसर झोपी जातो, जागे करणारा इंटरप्ट आधीच येऊन गेलेला असतो.

इंटेलच्या व्हीटी-एक्स या, प्रोसेसरमधील व्हर्च्युअल मशीनसाठीच्या सोयीत याचीच दुसरी बाजू आहे. व्हेक्टर दिला, प्रोसेसर गेस्टच्या स्टॅकवर जुनी स्थिती लिहू लागला आणि नेमके ते पान होस्टकडे जागेवर नव्हते, तर सुपूर्दगी अर्ध्यावर सोडून नियंत्रण होस्टकडे येते. कोणता व्हेक्टर अर्धवट राहिला हे प्रोसेसर एका ठरावीक क्षेत्रात लिहून ठेवतो आणि पान आणून झाल्यावर तोच व्हेक्टर पुन्हा देण्याची जबाबदारी सॉफ्टवेअरची असते. हे केव्हीएम निमूटपणे करते, पण स्नॅपशॉट घेताना, म्हणजे मशीनची त्या क्षणीची स्थिती साठवताना, त्याची आठवण ठेवणे आमच्याकडे येते.

व्हीसीपीयूला बाहेर बोलावण्यातली फटही बुजवली. दुसऱ्या थ्रेडने ‘इंटरप्ट आहे’ अशी खूण केली आणि सिग्नल पाठवला, पण तो सिग्नल व्हीसीपीयूच्या थ्रेडने खूण तपासल्यानंतर आणि आत शिरण्यापूर्वी पोचला, तर तो वाया जातो. सिग्नलच्या हँडलरमध्ये केव्हीएमच्या सामायिक पानावरील ‘तत्काळ बाहेर या’ हे क्षेत्र १ करून ठेवले की आत शिरण्याचा प्रयत्न लगेच परततो.

११ ऑगस्ट, सोमवार

कार्डाचे अनुकरण पुढे स्वतंत्र प्रोसेसमध्ये नेण्याचा विचार आहे, म्हणजे त्यातल्या बिघाडाने सबंध मशीन कोसळणार नाही. तेव्हा लाइनची पातळी इव्हेंटएफडीतून (निरोप पोचवणाऱ्या कर्नलच्या एका सोयीतून) कळवावी लागेल. साधा आयआरक्यूएफडी (इंटरप्टला जोडलेला इव्हेंटएफडी) एका कडेपुरता, एमएसआयसारख्या इंटरप्टला योग्य. लेव्हलसाठी त्याचा पुनर्तपासणीचा प्रकार आहे: निरोप मिळाला की कर्नल लाइन वर नेऊन धरते, गेस्टचा ईओआय आला की स्वतःच ती उतरवते आणि दुसऱ्या इव्हेंटएफडीतून उपकरणाला कळवते, काम शिल्लक असेल तर उपकरणाने पुन्हा निरोप द्यायचा. यात गेस्टने स्टेटस वाचताक्षणी लाइन उतरत नाही, ईओआयपर्यंत वर राहते. आमच्या ड्रायव्हरला याने फरक पडत नाही. योजना मान्य, अंमलबजावणी सप्टेंबरनंतर.

१४ ऑगस्ट, गुरुवार

स्नॅपशॉटचे काम पूर्ण झाले. उपकरणांची रजिस्टरे, आयओएपिक त्याच्या रिमोट आयआरआर बिटांसह, लोकल एपिक आणि व्हीसीपीयूचे प्रलंबित इंटरप्ट हे सर्व साठवले जाते. लाइनची पातळी मुद्दाम साठवलेली नाही, पुनःस्थापनेनंतर प्रत्येक उपकरण ती रजिस्टरांवरून काढते. साठवण्यापूर्वी व्हीसीपीयूला ‘तत्काळ बाहेर या’ लिहून एकदा आत पाठवावे लागते, अन्यथा रजिस्टरचे अर्धवट वाचन तसेच राहते: उपकरणाने बिट पुसलेला आणि गेस्टला मूल्य मिळालेले नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

नवे मशीन आठवडाभर जुन्या संगणकाच्या शेजारी, त्याच एन्कोडरच्या स्पंदांवर चालले. यंत्र अनेकदा थांबले आणि सुरू झाले. दोन्हींची मोजणी जुळली, गेस्टच्या लॉगमध्ये बेवारस इंटरप्टचा संदेश नाही आणि सीरियलवरचा एकही संदेश अर्धा राहिलेला नाही. गणेशोत्सवाच्या सुट्टीपूर्वी कारखान्याला बदल पूर्ण करून हवा आहे आणि या तीन तक्रारींपुरता तो देता येईल.

एक प्रश्न उरला आहे आणि तो वेगळ्या जातीचा आहे. गेस्टचे घड्याळ होस्टच्या तुलनेत मागे पडते. गेस्टमधले हे ३२ बिटांचे २.६ कर्नल सेकंदाला १,००० टिक (टायमरचे नियमित इंटरप्ट) मागते आणि १.१९३१८२ मेगाहर्ट्झवर चालणारा पीआयटी हा टायमर ते देतो. कार्डांच्या बाबतीत दोन स्पंदांचा मिळून एक इंटरप्ट झाला तरी बिघडत नाही, कारण मोजणी रजिस्टरमध्ये सुरक्षित असते. टिकचे तसे नाही: हे कर्नल वेळ मोजते ती टिक मोजून, त्यामुळे दोन टिकांचा एक झाला की एक मिलिसेकंद कायमचा हरवतो. इथे प्रत्येक इंटरप्ट स्वतःच मोजणी आहे आणि पातळीचे सूत्र त्याला पुरे पडत नाही. केव्हीएमचा पीआयटी राहिलेल्या टिकांचा हिशेब ठेवून, आधीच्या टिकची पोच मिळाली की पुढचा देऊ शकतो. ती सोय चालू ठेवली आहे. परंतु टीएससीवर (प्रोसेसरमधल्या चक्र-गणकावर) चालणारे २.६ कर्नल हरवलेले टिक स्वतःही भरून काढते आणि दोन्ही बाजूंनी भरपाई झाली तर घड्याळ पुढे पळते. म्हणून गेस्टला बूटच्या वेळी घड्याळासाठी पीआयटीच वापरण्याची सूचना दिली आहे. आज रात्री होस्टवर मुद्दाम भार ठेवून मशीन चालू सोडले आहे. उद्या पाळी सुरू होण्यापूर्वी दोन्ही घड्याळांतील फरक नोंदवायचा आहे.